उशीर किती चालेल? रिअल-टाइम कामासाठी भाषा आणि हत्यारं निवडताना

भोसरीकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात दोन वेगवेगळ्या मुलांनी मला एकच प्रश्न विचारला. "रिअल-टाइममध्ये जायचंय, सी पक्कं करू की थेट रस्ट घेऊ?" रिअल-टाइम म्हणजे जिथे काम ठरलेल्या वेळेतच व्हावं लागतं असं यंत्रनियंत्रणाचं प्रोग्रामिंग, आणि सी, रस्ट या त्यासाठीच्या भाषा. दोघांशी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मी अठरा वर्षं पॅकेजिंग मशीनचे कंट्रोलर करतोय. आधी पीएलसीवर (कारखान्यात मशीन चालवणारा तयार संगणक), गेली दहा वर्षं स्वतःच्या बोर्डावर. विमानातलं, रॉकेटमधलं काम मी केलेलं नाही. त्या क्षेत्रातली मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भाषा निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. हे काम किती उशिरा झालं तर चालेल? आणि त्याहून जास्त उशीर कधीच होणार नाही, हे कशाच्या जोरावर म्हणताय? हे दुसरं उत्तर द्यायला जी भाषा आणि जी हत्यारं मदत करतील ती घ्या.

माझ्याच टेबलावरचं उदाहरण देतो. पाऊच भरणारं मशीन. फिल्मच्या रोलवर प्रत्येक पाऊचला एक काळी पट्टी छापलेली असते, तिला आम्ही आय-मार्क म्हणतो. सेन्सरला ती दिसली की तिथून ठरलेल्या अंतरावर कटर मारायचा. फिल्मचा वेग सेकंदाला ४०० मिलिमीटर. म्हणजे एक मिलिसेकंद उशीर झाला की कट ०.४ मिलिमीटर सरकतो, ५ मिलिसेकंदांत २ मिलिमीटर. तेवढ्यात तो छापलेल्या नावातून जातो आणि अख्खी पट्टी रिजेक्ट होते.

यात एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. दर वेळी बरोबर ५ मिलिसेकंद उशीर झाला असता तर मला काहीच अडचण नव्हती, तेवढं अंतर वजा केलं की झालं. पण कधी १, कधी २ आणि मधूनच १४ झाले तर वजा काय करणार? या चढउताराला जिटर म्हणतात. आमच्या धंद्यात खरा त्रास त्याचाच.

माझा कोड सरळ होता. सीमध्ये एक मोठा लूप: सेन्सर बघ, तापमान बघ, डिस्प्ले रंगव, एसडी कार्डावर नोंद लिही, परत वर जा. फेरीला सरासरी २ मिलिसेकंद. टेबलावर तीन दिवस चालवला, एकही कट चुकला नाही. ग्राहकाकडे गेल्यावर काही शे पाऊचमागे एखादा सरकायला लागला. आम्ही रबर रोलर बदलला, फिल्मचा ताण तपासला, सेन्सरची काच पुसली. चार दिवस त्यात गेले.

शेवटी बोर्डावरच्या एका रिकाम्या पिनला वायर सोल्डर केली. फेरी सुरू होताना पिन हाय, संपताना लो, एवढ्या दोन ओळी कोडमध्ये टाकल्या. ऑसिलोस्कोप लावला, पर्सिस्टन्स चालू ठेवला, म्हणजे पडद्यावर उमटलेली रेघ पुसली जात नाही. पहिली वीस मिनिटं २ मिलिसेकंदांपाशी जाड पिवळा पट्टा, बाकी पडदा कोरा. मग एकच फिकट रेघ उमटली, १४ मिलिसेकंदांपर्यंत लांब. गुन्हेगार एसडी कार्ड होतं. कार्डाच्या आत जुने ब्लॉक पुसून नवे तयार करायचं काम अधूनमधून चालतं, तोवर ते लिहिणाऱ्याला थांबवून ठेवतं. सरासरीत हे कधीच दिसणार नाही. साडेपाच मिलिमीटर सरकलेल्या कटात मात्र लगेच दिसतं.

उपाय असा केला. पट्टी दिसल्याची वेळ चिपमधला टायमर स्वतःच नोंदवतो (इनपुट कॅप्चर) आणि कटरची पिनही टायमरच उडवतो (आउटपुट कंपेअर). मधला हिशेब करायला कोडला १०० मिलिसेकंदांहून जास्त अवधी मिळतो. बाकीची कामं फ्रीआरटीओएस या आरटीओएसमध्ये (कामं वेळेवर वाटून देणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वेगवेगळे टास्क करून टाकली आणि नोंद लिहिण्याला सगळ्यात खालचा अग्रक्रम दिला.

इथवर छान. पण महिन्याभरात दुसराच दोष आला. फिल्म ओढणाऱ्या सर्व्हो मोटरला वेगाचा आकडा एक डॅक चिप (आकड्याचं व्होल्टेज करणारी) देते, आणि ती चिप व एसडी कार्ड दोन्ही एकाच एसपीआय बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या सामायिक तारांवर, होती. बस एका वेळी एकालाच मिळावी म्हणून मी सेमाफोर, म्हणजे कोडमधलं एक कुलूप, लावला होता. सर्व्होचा टास्क सर्वांत वरच्या अग्रक्रमाचा, तरी तो अधूनमधून ३०-४० मिलिसेकंद अडकायचा. का, ते ओळखा. उत्तर मी नंतर लिहीन, तोवर तुमचे अनुभव येऊ द्यात.


पहिलीपायरी

दादा, खूप छान लिहिलंय. मी तिसऱ्या वर्षाला आहे, दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो करतोय. एक भाबडा प्रश्न: प्रोसेसरच दहापट वेगवान घेतला तर हे सगळं आपोआप सुटणार नाही का?


भोसरीकर

प्रश्न भाबडा नाही, माझ्या ग्राहकाच्या मालकांनीही तोच विचारला होता. एसडी कार्ड थांबवून ठेवत असेल तर प्रोसेसर दहापट वेगानं थांबून राहील, एवढंच. शिवाय मोठ्या प्रोसेसरमध्ये कॅश असते. हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली तर काम पटकन, नाही सापडली तर मेमरीपर्यंत फेरी. म्हणजे सरासरी सुधारते, पण सर्वांत वाईट वेळ आणि सरासरी यांतलं अंतर वाढतं. कॅश नसलेल्या साध्या मायक्रोकंट्रोलरवर तो हिशेब कागदावर जमतो, हा त्याचा मोठा गुण आहे.


सेमाफोर

ओळखलं. लॉग टास्कनं बस धरली. तेवढ्यात मधल्या अग्रक्रमाचा डिस्प्ले टास्क उठला आणि त्यानं लॉग टास्कला बाजूला सारलं. आता सर्व्हो बससाठी थांबलाय, बस लॉगकडे आहे, आणि लॉगला डिस्प्ले पुढे सरकू देत नाही. म्हणजे सर्वांत महत्त्वाचं काम मधल्याच्या मेहेरबानीवर. याला म्हणतात प्रायॉरिटी इन्व्हर्जन, अग्रक्रमाची उलटापालट.

मार्स पाथफाइंडरचं हेच झालं होतं. ४ जुलै १९९७ ला यान मंगळावर उतरलं, आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपणहून रीसेट व्हायला लागला. व्हीएक्सवर्क्स ही आरटीओएस होती. बस सांभाळणारा टास्क वरचा, हवामानाची नोंद घेणारा खालचा, मध्ये लांबलचक चालणारा दळणवळणाचा. बसचं काम वेळेत पुरं झालं नाही हे दिसताच यंत्रणा अख्खा संगणक नव्यानं सुरू करायची. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर ट्रेस (कुठला टास्क कधी चालला याची नोंद) चालू ठेवून तो प्रसंग पुन्हा घडवला. म्यूटेक्सला (एका वेळी एकालाच वाट देणारं कुलूप) प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा पर्याय होताच, तो फक्त बंद ठेवलेला होता. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून तो चालू केला आणि रीसेट थांबले.

इनहेरिटन्स म्हणजे ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला, वाट पाहणाऱ्यांतल्या सर्वांत वरच्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता उसना देणं. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये याचं गणित व्यवस्थित मांडलं.

भोसरीकर, तुम्ही बायनरी सेमाफोर वापरला होता, बरोबर? फ्रीआरटीओएसमध्ये त्याला इनहेरिटन्स नसतो, म्यूटेक्सला असतो.


भोसरीकर

अगदी तेच. एका ओळीचा बदल. पण मी ते ट्रेसशिवाय शोधू शकलो नसतो. कुठला टास्क कधी उठला, कुणी कुणाला अडवलं, याची पट्टी पडद्यावर आली तेव्हा दोन मिनिटांत कळलं. आधीचे पंधरा दिवस मी कोड वाचत बसलो होतो, आणि कोडमध्ये प्रत्येक ओळ बरोबरच होती. म्हणून नवीन मुलांना सांगतो, भाषेइतकाच वेळ ट्रेसरवर आणि लॉजिक अ‍ॅनालायझरवर घालवा.


कृष्णाकाठ

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. या चर्चेत पीएलसीला कुणी विचारणार नाही असं वाटलं, म्हणून लिहितो.

पीएलसीची गंमत तिच्या फेरीत आहे. सगळे इनपुट एकदम वाचायचे, लॉजिक वरून खालपर्यंत चालवायचं, सगळे आउटपुट एकदम लिहायचे, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच एखादा इनपुट बदलला तर त्याची दखल पुढच्या फेरीत. त्यामुळे अर्धं लॉजिक जुन्या माहितीवर आणि अर्धं नव्या माहितीवर असा घोळ होत नाही. जास्तीत जास्त उशिराचा हिशेबही तोंडी करता येतो: इनपुटचा फिल्टर, अधिक दोन फेऱ्या, अधिक आउटपुटच्या रिलेचा वेळ.

आणि लॅडर, शिडीसारखी आकृती काढून पीएलसीचं लॉजिक लिहायची पद्धत. शहाणी माणसं तिला भाषा मानत नाहीत, पण आयईसी ६११३१-३ या मानकात ती रीतसर भाषा आहे, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट आणि फंक्शन ब्लॉकच्या शेजारी बसलेली. गाळपाचा हंगाम चालू असताना रात्री अडीचला केन कॅरियर बंद पडतो. बाहेर बैलगाड्या नि ट्रॅक्टरची रांग लागलेली. ड्यूटीवरचा वायरमन आयटीआय झालेला. तो लॅपटॉप लावतो, पडद्यावर ज्या पायरीपर्यंत सप्लाय येतोय ती हिरवी दिसते, आणि जिथे हिरवं संपलं तिथे बोट ठेवून म्हणतो, "साहेब, हा लिमिट स्विच गेलाय." हे मला सी किंवा रस्टमध्ये करून दाखवा.

एक वाईट अनुभवही सांगतो. एका ठेकेदाराच्या माणसानं लॅडरच्या आत हजार नोंदींचं टेबल तपासणारा लूप घातला. रोज फेरी १२ मिलिसेकंदांची. ठरावीक अलार्म आला की तो लूप पुरा चालायचा आणि फेरी १६० वर जायची. वॉचडॉग, म्हणजे फेरी फार लांबली की सीपीयू थांबवणारा पहारेकरी, १५० वर. सीपीयू स्टॉपमध्ये, सगळे आउटपुट शून्य, मिल उभी. जाताना त्या माणसानं कमाल फेरीचा आकडा बघितलाच नव्हता, आणि तो आकडा पीएलसी स्वतः लिहून ठेवते. तेव्हापासून कुठलाही नवा प्रोग्राम ताब्यात घेताना मी आधी कमाल स्कॅन टाइम बघतो, मगच सही.


भोसरीकर

कृष्णाकाठ, अगदी पटलं. मी पीएलसी सोडली ती मशीनच्या किमतीमुळे. ती कमी पडली म्हणून सोडलेली नाही. नवीन मुलांनी वायरमनचा मुद्दा दोनदा वाचावा. रात्री अडीचला कोण वाचणार आहे, यावरही भाषा ठरते.


दूरदेशी

तुलूझहून लिहितेय. नऊ वर्षं विमानाच्या नियंत्रण प्रणालीवर काम करते. आमच्याकडे अ‍ॅडा ही भाषा अजून रोजच्या वापरात आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं.

सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात एवढ्या वेगवेगळ्या भाषा झाल्या होत्या की देखभाल हाताबाहेर गेली. त्यांनी गरजा लिहून काढल्या, स्पर्धा लावली, आणि झाँ इश्बिया यांच्या चमूची भाषा निवडली गेली. तिच्या लष्करी मानकाचा क्रमांक १८१५, म्हणजे अ‍ॅडा लव्हलेसचं (जिच्यावरून भाषेचं नाव पडलं) जन्मवर्ष. बोइंग ७७७ चं बरंचसं सॉफ्टवेअर अ‍ॅडातलं आहे.

रोजच्या कामात मला तिचे दोन गुण फार उपयोगी पडतात. एक, प्रकारांच्या मर्यादा. भोसरीकरांच्या मशीनचा वेग ० ते ४०० असाच प्रकार जाहीर केला तर ४०१ टाकताक्षणी चूक समोर येते, कटरपर्यंत पोचत नाही. दुसरा, टास्क आणि वेळ भाषेतच आहेत. 'डिले' म्हणजे आत्तापासून एवढा वेळ थांब. 'डिले अंटिल' म्हणजे अमुक वाजेपर्यंत थांब. पहिला वापरून १० मिलिसेकंदांचा टास्क लिहिला तर काम करायला लागलेला वेळ दर फेरीत भर घालतो आणि टास्क हळूहळू घसरत जातो. दुसऱ्यात घसरत नाही.

सगळी अ‍ॅडाही आम्ही वापरत नाही. १९९७ मध्ये यॉर्कशरमधल्या रेव्हन्सकार नावाच्या गावी या विषयातली मंडळी जमली आणि त्यांनी भाषेचा एक आखीव भाग ठरवला. टास्क किती ते आधीच पक्कं, चालू असताना नवा जन्मणार नाही, संपणार नाही, कुलपांना ठरलेलं छत, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला मिळणारा ठरलेला वरचा अग्रक्रम. ज्याचं आधी गणित मांडता येत नाही ते बाजूला ठेवलं. तो रेव्हन्सकार प्रोफाइल.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. ४ जून १९९६, एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण, फ्रेंच गयानातलं कूरू. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर अ‍ॅडात होतं. मुख्य इंजिन पेटवायला सुरुवात झाल्यावर ३७ व्या सेकंदाच्या आसपास आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना मावला नाही. अपवाद उठला, आणि त्यावर काय करायचं याचा नियम होता: प्रोसेसर बंद. राखीव यंत्रातही तेच सॉफ्टवेअर, तेही बंद, आणि रॉकेट भरकटून नष्ट झालं. धोका असलेल्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना नव्हतं, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि एरियन ४ या आधीच्या रॉकेटच्या मार्गावर ते आकडे तेवढे मोठे होणार नव्हते. एरियन ५ चा मार्ग वेगळा होता. आणि तो हिशेब उड्डाणानंतर लागतच नव्हता, जुन्या रॉकेटसाठी ठेवलेला तसाच चालू राहिला होता.

म्हणजे भाषेनं चूक पकडली. पकडल्यावर काय करायचं, हे माणसांनी चुकीचं ठरवलं. आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की मी त्याला त्या चौकशी अहवालाची पानं स्वतः वाचायला लावते.

हत्यारांबद्दल: आमच्याकडे बराच कोड आता हातानं लिहिला जात नाही. स्केड नावाच्या हत्यारात आकृती काढायची, ती लस्ट्र या भाषेच्या घराण्यातली, आणि प्रमाणित जनरेटर सी कोड काढतो. या भाषांना सिंक्रोनस म्हणतात. दर टिकेला (घड्याळाच्या ठोक्याला) सगळे इनपुट घे, सगळे आउटपुट दे, मध्ये वेळ जातच नाही असं धरून लिहायचं. कृष्णाकाठ यांच्या पीएलसीच्या फेरीशी तिचं नातं अगदी जवळचं आहे, फक्त मागे पक्कं गणित आहे. टिकेच्या आत काम खरंच संपतं का, हे वेगळं सिद्ध करायचं. त्यासाठी एआयटीसारखं हत्यार तयार बायनरी वाचून, कॅश आणि पाइपलाइन धरून, वरची मर्यादा काढतं. स्कोपवर दिसलेली सर्वांत लांब रेघ म्हणजे आजवर दिसलेला सर्वांत जास्त उशीर. त्याहून लांब रेघ उद्या येणार नाही, याची ग्वाही स्कोप देत नाही.


भोसरीकर

ताई, शेवटची दोन वाक्यं मी माझ्या टेबलासमोर लिहून लावणार आहे. मी स्कोपच्या आकड्यावर दुप्पट सूट ठेवून पुढे जातो. पाऊच मशीनला ते चालतं. तुमच्याकडे चालणार नाही हे उघड आहे.


अवकाशवेडा

अ‍ॅडा फक्त परदेशात नाही हं. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रानं चंदीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीबरोबर केलेला विक्रम ३२०१ हा ३२ बिटांचा प्रोसेसर मार्च २०२५ मध्ये सुपूर्द झाला. त्याची रचनाच अ‍ॅडाला धरून आहे, आणि अ‍ॅडाचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर सगळं इस्रोनं घरीच केलं. त्याच्या आधीचा १६ बिटांचा विक्रम १६०१ हा २००९ पासून आपल्या रॉकेटांत आहे. प्रोसेसर स्वतःचा करायचा म्हणजे कंपायलरही स्वतःचाच करावा लागतो, ही मेहनत बातम्यांत कुठे दिसत नाही.


गणितवेडी

भोसरीकरांच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे "कशाच्या जोरावर म्हणताय", कागदावरचं एक जुनं उत्तर आहे. १९७३ मध्ये ल्यू आणि लेलँड यांनी दाखवलं की ठरावीक काळानं परत येणाऱ्या स्वतंत्र टास्कना 'ज्याचा काळ लहान त्याचा अग्रक्रम वर' असं लावलं, आणि एकूण भार एका मर्यादेच्या आत ठेवला, तर कुणाचीही मुदत चुकत नाही. दोन टास्कना ती मर्यादा ८२.८ टक्के, तिघांना ७८, आणि टास्क कितीही वाढले तरी ६९.३ च्या खाली जात नाही.

करून बघा. पहिला टास्क दर ४ मिलिसेकंदांनी १ घेतो: २५ टक्के. दुसरा दर १० ला २: २० टक्के. तिसरा दर २५ ला ५: २० टक्के. एकूण ६५, म्हणजे ७८ च्या आत, निश्चिंत. तिसऱ्याला सर्वांत वाईट किती वेळ लागेल तेही निघतं. त्याचे ५, त्या अवधीत पहिला तीनदा येतो म्हणून ३, दुसरा एकदा म्हणून २. एकूण १०. मुदत २५ ची. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कित्येक ठिकाणी मी ते झालेलं बघितलेलं नाही. अग्रक्रम अंदाजपंचे दिलेले असतात, "हे महत्त्वाचं वाटतं म्हणून वर". या पद्धतीत काम किती महत्त्वाचं हा प्रश्नच येत नाही, काळ किती लहान तेवढंच बघायचं.

कुलपांमुळे होणारी वाट यात वेगळी धरावी लागते. ती किती, हे सेमाफोर यांनी सांगितलेल्या १९९० च्या कामातून काढता येतं.


सेमाफोर

लिनक्सबद्दल कुणी विचारायच्या आत लिहितो. प्रीएम्प्ट-आरटी हे लिनक्सला रिअल-टाइम करणारं पॅच जवळपास वीस वर्षं मुख्य कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर राहून वाढलं, आणि २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य झाडात आलं. आता वेगळं पॅच लावायची गरज नाही, कर्नल बांधताना पर्याय निवडायचा.

मी रास्पबेरी पाय ४ वर सायक्लिकटेस्ट (उशीर मोजणारं हत्यार) रात्रभर चालवलं, सोबत डिस्कवर आणि नेटवर्कवर मुद्दाम भार टाकून. साध्या कर्नलवर सर्वांत वाईट उशीर काही मिलिसेकंदांचा, आरटीवर १०० मायक्रोसेकंदांच्या आत. पण कर्नल बदलून काम संपत नाही. प्रोग्रामची सगळी पानं मेमरीत कुलूपबंद करा, नाहीतर पहिल्याच पेज फॉल्टला (पान मेमरीत नाही म्हणून ते आणायला थांबणं) सगळं मुसळ केरात. टास्कला फिफो वेळापत्रक द्या. मुख्य लूपमध्ये मेमरी मागू नका, फाइल लिहू नका. आणि सायक्लिकटेस्ट पाच मिनिटं चालवून आकडा सांगणाऱ्याचं ऐकू नका, निदान एक रात्र चालवा.

कटरसारखं काम मी तरी लिनक्सवर ठेवणार नाही. कॅमेरा, स्क्रीन, नेटवर्क लिनक्सवर. कटर शेजारच्या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर.


रस्टप्रेमी

धाग्याच्या पहिल्याच ओळीत रस्टचं नाव आहे आणि अजून कुणी तिची बाजू घेतली नाही, म्हणून मी घेतो. भोसरीकर, "भाषा नंतर" हे मला पूर्ण मान्य नाही. इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच धावणारा कोड) आणि मुख्य लूप दोघं एकच चल बदलतात, हा सीमधला सर्वांत छळणारा दोष. तो महिन्यातून एकदा येतो आणि प्रिंटएफ (मजकूर छापायची आज्ञा) टाकला की गायब होतो. रस्टमध्ये सुरक्षित कोडमध्ये राहिलात तर असला कोड कंपाइलच होत नाही. आरटीआयसी नावाची चौकट तर कुठला टास्क कुठला स्रोत वापरतो हे कंपाइल करतानाच बघते आणि छताचा अग्रक्रम स्वतः काढते. तुमच्या एसपीआयचा तिढा तिथे पडलाच नसता. गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मध्येच गोळा करणारा) नाही, त्यामुळे मध्येच थांबणंही नाही. आणि फेरोसीन या रस्ट कंपायलरला २०२३ मध्ये वाहनांच्या आयएसओ २६२६२ मानकाची सर्वांत वरची पात्रता मिळाली, त्यामुळे 'अजून कच्ची आहे' हेही आता म्हणता येत नाही.


भोसरीकर

मान्य. सामायिक चलाचा मुद्दा मी कमी लेखला होता. असे दोष शोधण्यात माझे किती रविवार गेलेत ते घरच्यांना विचारा. सीमध्ये राहणाऱ्यांनी निदान मिस्रा सी या सी लिहिण्याच्या नियमावलीचे नियम आणि ते तपासणारं एखादं हत्यार रोजच्या बिल्डमध्ये लावावं. चालू मशीनमध्ये मेमरी मागू नये, रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) करू नये, हे तिथे लिहिलेलंच आहे, आणि दोन्ही नियम थेट वेळेशी बांधलेले आहेत. रिकर्शन किती खोल जाईल हे माहीत नसेल तर स्टॅक किती लागेल तेही माहीत नाही.

मी स्वतः अजून सीमध्ये का, तर माझ्या चिपच्या कंपनीची ड्रायव्हर लायब्ररी सीमध्ये आहे, आणि माझ्यामागे हे काम बघणारी दोन मुलं सी जाणतात. पुढच्या लहान मशीनवर आरटीआयसी करून बघणार आहे. तुमच्याकडे प्रश्न घेऊन येईन.


खडकवासला

फ्रीआरटीओएस वापरणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना, मी दोन आठवडे घालवलेत म्हणून. टास्कचा आकडा जितका मोठा तितका अग्रक्रम वर. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरच्या इंटरप्टचं उलटं, आकडा लहान तितका वर. आणि ठरलेल्या सीमेपेक्षा वरच्या इंटरप्टमधून आरटीओएसची फंक्शनं बोलवायची नसतात. बोलवलीत तर लगेच काही होत नाही, चार दिवसांनी कुठेतरी भलतीकडे कोसळतं. कॉन्फिग असर्ट (आरटीओएसची चुका तपासायची सोय) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, ते हे पकडतं.


पहिलीपायरी

दादा, ताई, सगळ्यांचे खूप आभार. काल कॉलेजच्या लॅबमध्ये पिनला वायर लावली. माझा तोल सांभाळणारा टास्क ५ मिलिसेकंदांचा. स्कोपवर दोन गोष्टी दिसल्या.

एक, काळ ५ नव्हताच, १० च्या वर होता. मी साधा टास्क-डिले वापरला होता, ताईंनी सांगितलं तसा काम करायचा वेळ त्यात मिळत होता. टास्क-डिले-अंटिल घातला.

तरी आकडा जुळेना. मग कळलं की मी दर फेरीला कोन, वेग आणि मोटरचा आकडा सीरियलवर छापत होतो, साधारण ६० अक्षरं. ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एका अक्षराचे १० बिट, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. ६० अक्षरांना ५.२ मिलिसेकंद. टास्कच्या अख्ख्या काळापेक्षा जास्त वेळ नुसतं छापण्यात! छपाई वेगळ्या खालच्या टास्कमध्ये टाकली, दर वीस फेऱ्यांतून एकदा. आता पिनवरची पल्स ०.७ मिलिसेकंदांची आहे आणि काळ ५ वर स्थिर. रोबो पहिल्यांदाच दीड मिनिट उभा राहिला. सर आले आणि त्यांनी बोटानं ढकलून बघितला, तरी राहिला.

पण मधूनच पल्स १.१ पर्यंत लांबते. दर वेळी नाही, काही सेकंदांतून एकदा. तोल जात नाही, पण हे काय असेल?


भोसरीकर

शाब्बास! दीड मिनिट म्हणजे गणित जमलं.

१.१ चं कारण शोधायला दुसरी पिन घे. तुझ्या कोनाच्या सेन्सरचं वाचन आय-टू-सी बसवर असेल. वाचन सुरू होताना दुसरी पिन हाय, संपताना लो. स्कोपचे दोन्ही चॅनल एकाखाली एक लाव आणि ट्रिगर पल्सच्या रुंदीवर ठेव, ०.९ पेक्षा जास्त असेल तेव्हाच थांब असा. जी पल्स लांबली तीच पडद्यावर येईल. वाढ दुसऱ्या पिनच्या आत दिसली तर बस किंवा सेन्सर, बाहेर दिसली तर कुठला तरी इंटरप्ट मध्ये घुसतोय. चित्र काढून इथे टाक, मिळून बघू.